आजी, नुसतं समजलं म्हणा

"आजी, प्रश्न नका विचारू. कॅमेरा चालू आहे."

माझी माय स्टुलावर बसली होती. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. बिड्या वळून वळून आणि मग संधिवातानं वाकडी झालेली बोटं मांडीवर. शूटिंग होणार म्हणून कामठीहून निघताना तिनं केसांना तेल लावलं होतं. समोर स्टँडवर कॅमेरा, त्याच्यामागे पांढऱ्या कोटातला कोऑर्डिनेटर. दाराशी दवाखान्याचा शिपाई. तो साक्षीदार. माय वाचू शकत नव्हती, म्हणून साक्षीदार लागायचा, आणि तो रोजचा ठरलेला होता. बिचारा मोबाइल बघत साक्ष द्यायचा.

संधिवाताचं नवं औषध होतं. बाजारात यायच्या आधी माणसांवर पाहायचं होतं. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी खोटी. कोणाला कोणती, ते देणाऱ्यालाही माहीत नाही. नियम असा की रोग्याला सगळं समजावून सांगायचं, त्याचे प्रश्न ऐकायचे, आणि त्यानं हो म्हटलेलं कॅमेऱ्यात घ्यायचं. नियम झकास आहे. मी आजही त्या नियमावर फिदा आहे.

मायनं नियमाप्रमाणे विचारलं, "हे औषध माह्या आधी कोणी घेतलं? तो माणूस बरा हाय का?"

कॅमेरा बंद. पुन्हा चालू. "आजी, नुसतं समजलं म्हणा."

"म्हणतो ना बापू. पण तो माणूस बरा हाय का?"

कॅमेरा पुन्हा बंद. तेवढ्यात मोठे डॉक्टर आत आले. कागदावरचं आमचं आडनाव वाचलं. चेहऱ्यावर जे यायचं ते आलं. मी नकलाकार आहे, चेहरे वाचणं हा माझा धंदा. ते कोऑर्डिनेटरला म्हणाले, "या लोकांना फुकट द्या, आणि वर यांचे प्रश्न ऐका."

जणू आम्ही खोलीत नव्हतोच. मग त्यांना मी दिसलो.

"तू कोण? मुलगा? काय करतोस?"

"नकला करतो साहेब. लग्नात, जयंतीच्या कार्यक्रमात, कुठंही."

"अरे वा. मग माकड करून दाखव. आजीचा मूड बनेल."

मी दोन लेकरांचा बाप. अंगावर इस्त्रीचा शर्ट, जो मी फक्त स्टेजवर घालायचो. मायकडं पाहिलं. तिची बोटं पाहिली. आणि गुडघ्यात वाकलो.

आता खोटं कशाला बोलू, माझं माकड जबरदस्त होतं. मी काख खाजवली. नसलेलं केळं सोललं. नसलेली साल डॉक्टरांच्या टोपलीत नेऊन टाकली, आणि टोपलीतून पुन्हा काढून चाटली. कोऑर्डिनेटर टेबलाला धरून हसत होता. साक्षीदारानं पहिल्यांदा मोबाइलमधून मान वर काढली. डॉक्टर म्हणाले, "रक्तातच आहे याच्या."

माय हसली नाही. लहानपणापासून माझ्या प्रत्येक नकलेवर पोट धरून हसणारी बाई. शाळेतल्या मास्तरांची, बिडीच्या ठेकेदाराची, तिच्या स्वतःच्या सासूची नक्कल, तिला सगळं चालायचं. त्या दिवशी ती समोरच्या भिंतीकडं बघत राहिली.

"बस झालं गा," ती म्हणाली. मला म्हणाली. मग कॅमेऱ्याकडं तोंड केलं. "करा तुमचं चालू. समजलं मले. सगळं समजलं."

एका झटक्यात ओके.

परतताना शेअर ऑटोत ती माझ्या बाजूला बसली. ऑटोमोटिव्ह चौक मागं पडल्यावर म्हणाली, "काहून केलं गा ते?"

"तुह्या औषधासाठी, माय."

"औषध तर ते तसंबी देऊनच राहिले होते. मी त्याइले उत्तर मांगून राहिली होती."

सुरुवातीला तिची बोटं थोडी उघडली. एकदा तिनं स्वतःच्या हातानं वेणी घातली आणि सगळ्या गल्लीला दाखवून आली. मग खोकला लागला. मग धाप. दवाखान्यानं दिलेल्या कार्डावरच्या नंबरवर फोन केला. उत्तर आलं, "पुढच्या तारखेला दाखवा." त्या तारखेपर्यंत ती राहिली नाही. त्याच दवाखान्यात, वरच्या मजल्यावर गेली. फुफ्फुसात जंतू झाले, म्हणाले. असतीलही. मी डॉक्टर नाही. औषधानं मारलं असं मी म्हणत नाही, औषधानं मारलं नाही असंही म्हणू शकत नाही. मी एवढंच विचारलं, "तिले खरी गोळी होती का खोटी?"

डॉक्टर म्हणाले, "ते गुपित असतं. अभ्यास संपला की कळवतील."

कोणी कळवलं नाही. अभ्यास संपला की नाही, तेही कळवलं नाही.

आमच्याकडं मायचे फोटो आहेत. पण ती हलते, बोलते, पदर सारखा करते, असं चित्र एकच आहे, आणि ते त्यांच्या कपाटात आहे. त्यात ती म्हणते, समजलं मले.

त्यानंतरची गंमत ऐका. एका लग्नात मी रंगात आलो होतो. नगरसेवकाची नक्कल झाली, बँडवाल्याची झाली, आणि नवरदेवाच्या दोस्तांनी माकड मागितलं. मी गुडघ्यात वाकलो. हात काखेकडं गेला. आणि माझ्या गळ्यातून मायचा आवाज आला. "बस झालं गा."

मी काढला नव्हता. आला. तोच घोगरेपणा, शेवटच्या अक्षरावर तोच दम. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं नवीन आयटम आहे. पुढं तो आवाज कधीही यायला लागला. दाढी करताना. भाजी घेताना. सीताबर्डीच्या गर्दीत एका मोबाइलवाल्याशी भाव करून राहिलो होतो, आणि तोंडातून निघालं, "तो माणूस बरा हाय का?" दुकानदार म्हणाला, "कौन आदमी, भाऊ?"

मी काय सांगू, कोण.

यंदा मला शुगर निघाली. ओपीडीतल्या बाईंनी सांगितलं, नव्या औषधाची चाचणी चालू आहे, जाऊन या. गेलो. तीच खोली. तेच स्टूल. कोऑर्डिनेटर नवी, चष्मेवाली पोरगी. दाराशी तोच शिपाई, केस पिकलेले. मी मायच्या जागेवर बसलो.

पोरगीनं कॅमेरा चालू केला. मी नाव सांगितलं. तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. थकले होते, पण नजर तीच. मला ओळखलं आणि खूष झाले.

"अरे, माकड! आई कशी आहे?"

शिपायानं मान खाली घातली. त्याला आठवत होतं. डॉक्टरांना माकड आठवत होतं, माय गेली ते नाही.

"गेली साहेब. तुमच्याच औषधावर असताना."

"अच्छा अच्छा. वय होतं. चल, एक नक्कल होऊन जाऊ दे, मग सही कर."

"करतो," मी म्हणालो. "तुमचीच करतो."

उभा राहिलो. कागद हातात घेतला. आडनाव वाचलं. तो चेहरा आणला, जो मी इतकी वर्षं आत सांभाळून ठेवला होता. आणि त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच नाकातून म्हणालो, "या लोकांना फुकट द्या, आणि वर यांचे प्रश्न ऐका."

कोणी हसलं नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात हुबेहूब नक्कल, आणि एक टाळी नाही.

मग स्टुलावर बसलो, आणि पहिल्यांदा मायचा आवाज मी स्वतः बोलावला. "हे औषध माह्या आधी कोणी घेतलं? तो माणूस बरा हाय का?"

"कॅमेरा बंद कर," डॉक्टर म्हणाले.

पोरगीचा हात उचलला गेला आणि हवेतच थांबला. "सर, रोग्याचा प्रश्न आहे," ती म्हणाली. "नियमाप्रमाणे उत्तर द्यावं लागतं."

डॉक्टर निघून गेले. मी माझ्या आवाजात शेवटचं बोललो. "मले समजलं नाही. मी हो म्हणत नाही. आता ठेवा हे कपाटात, माह्या मायच्या बाजूला."

मी औषधाच्या विरोधात नाही. शुगरची जी जुनी गोळी आज मी घेतो, ती माझ्या आधी कोणीतरी घेऊन पाहिली म्हणून मला मिळाली. तो माणूस बरा आहे का, मला माहीत नाही. पण त्याला कोणी माकड करायला लावलं नसावं, एवढं मला हवं आहे.

ओपीडीच्या दिवशी मी कामठीहून येतो आणि त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसतो. स्टेजवरचा शर्ट घालून. आत जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, आधी विचारा, उत्तर घ्या, मग काय ते म्हणा. ज्याला वाचता येत नाही, त्याचा साक्षीदार होतो, बाहेरचा, पगार न घेणारा. सिक्युरिटीवाल्यानं दोनदा उठवलं. मी गेटपर्यंत गेलो आणि परत आलो. मायला कोणती गोळी होती, हे लिहून मागितलं आहे. पुन्हा मागीन. उत्तर आलं तरी बाक सोडणार नाही.

पोराची बेइज्जती थांबवण्यासाठी त्या स्टुलावर आणखी कोणाच्या मायनं समजलं म्हणायचं नाही. मी बसलो आहे तोवर नाही.