धुऱ्याकडची बाई

मूल शहराजवळच्या आमच्या गावात बाबांचा जुना, पोट सुटलेला टीव्ही अजून चालतो. बदलू म्हटलं की ते म्हणतात, "चालत्या बैलाले कोनी बाजार दाखवते का?" गेल्या आषाढात मी भद्रावतीहून माहेरी गेले, तर डिशची छत्री बसवणारा नवा एचडी डबा ठेवून गेलेला आणि टीव्ही बंद. नव्या डब्याची वायर जुन्या टीव्हीला बसेना. मग मी मूलच्या बाजारातून कन्व्हर्टर आणला. एचडी चित्र साधं करून जुन्या टीव्हीत सोडणारी ती एक लहानशी डबी.

चित्र आलं, पण वरखाली काळे पट्टे. रुंद चित्र चौकोनी पडद्यात अख्खं बसवायचं तर असंच होणार, मी सांगितलं. बाबा कुठले ऐकतात! "अर्धा टीवी काळा काऊन? पूरा भर न." मी डबीवरचं बटण दाबलं. पडदा काठोकाठ भरला आणि बाबांची कळी खुलली.

ही सगळी घाई आईसाठी होती. मागच्या रोवणीत एका वाहिनीची माणसं आमच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात येऊन बायांची गाणी टिपून गेली होती. तो कार्यक्रम त्या दुपारी लागणार होता. मोबाईलवर बघ म्हटलं तर आई म्हणाली, "टीवीत आलो त टीवीतच पाहीन." तिनं शेजारणींनाही बोलावलं होतं.

भाताच्या रोवणीत बाया एका ओळीत वाकतात. धुऱ्याकडचा, म्हणजे बांधाला लागलेला शेवट जिच्याकडे, तिच्या हातावर अख्खी ओळ सरळ राहते. गाणंही तीच उचलते. आमच्याकडे ती जागा आईची.

कार्यक्रम लागला. आवाज आईचा, चेहरे बाकी सगळ्यांचे. ओळ आईच्या शेजारणीपाशीच संपत होती. बायांनी कॅमेरावाल्याचा उद्धार केला. आई मात्र चहाचे कप उचलताना म्हणाली, "परवाच्या रोवणीले मी मधात राहीन. धुऱ्याची बाई दिसतच नाई, त कायले धरायचा धुरा?" मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. कोणावर काढावा तेच कळेना.

संध्याकाळी बातम्या लागल्या. खालच्या पट्टीतली अक्षरं दोन्हीकडून खाल्लेली, आणि कडेला बसलेल्या पाहुण्याचा अर्धा चेहरा गायब. तेव्हा माझी ट्यूब पेटली. पडदा भरायच्या हट्टात चित्राच्या दोन्ही कडा कापल्या जात होत्या. आणि कडेला कोण, तर आमची आई!

दुसऱ्या दिवशी तोच कार्यक्रम पुन्हा होता. शेजारणी परत आल्या. मी बटण दाबलं, काळे पट्टे आले. बाबांनी तोंड उघडलं, मी डोळे वटारले. पडद्यावरच्या बाया लहान झाल्या, पण ओळ लांबली. आणि पार काठावर, लुगडं खोचून, हातात पऱ्ह्यांची, भाताच्या रोपांची पेंडी घेतलेली आई गात होती.

बाबा चष्मा लावून टीव्हीला नाक लागेपर्यंत पुढे गेले. "अवो, हे त तू!"

"मंग कोन राह्यते तिथी?" आई म्हणाली. तिचा चेहरा इतका फुलला होता की मलाच रडू आलं.

बाबांनी कुठूनशी चिकटपट्टी आणली आणि त्या बटणावर घट्ट लावून टाकली. आई शेजारणींकडे वळली.

"उद्या सकाळी लवकर या वो बायांनो. धुऱ्याले मी आहो. माह्याकडे पाहून ओळ धरा."