साडेअठ्ठ्याण्णव

पत्र आलं तेव्हा मास्तरांच्या तोंडात तीन टाचण्या होत्या. पोरीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा त्यांना बोलता आलं नाही. टाचण्या काढून डबीत टाकल्या, तरीही बोलता आलं नाही.

हवाई दलाच्या भरती कार्यालयाचं पत्र होतं. वैमानिक व्हायचं म्हणून पोरीनं केलेल्या अर्जाला आलेलं उत्तर. अर्जात भरलेल्या मापानुसार पायाची लांबी साडेअठ्ठ्याण्णव सेंटीमीटर, वैमानिकाला किमान नव्व्याण्णव लागते, सबब अर्ज पुढे घेता येत नाही. हरकत असल्यास पत्राच्या तारखेपासून सात दिवसांत समक्ष यावं. खाली सही आणि गोल शिक्का. तारीख पाच दिवसांपूर्वीची होती.

"अर्ध्या सेंटीमीटरसाठी?" मास्तरांची बायको म्हणाली. ती खिडकीपाशी बसून काजं करत होती. सुई हातात तशीच राहिली.

"आई, तिथे पायानं पेडल दाबायचं असतं. पाय पोचला नाही तर विमान काय पुढे सरकून येणार आहे?" पोरगी हसायला गेली, पण आवाज मध्येच फाटला. तिनं पत्राची घडी घातली, मशीनच्या खणात ठेवली आणि आत जाऊन दार लावलं.

मास्तर शिवणकामातले. कारखान्यातल्या लोकांचे डगले, दवाखान्यातल्या नर्सचे गणवेश, असलं अंगमेहनतीच्या माणसांचं कापड ते चौतीस वर्षं शिवत होते. नखरा नाही, पण बगलेत काचणार नाही आणि वाकलं तर फाटणार नाही. माप तीनदा घ्यायचं, तिन्ही वेळा एकच आलं तरच वहीत लिहायचं, हा त्यांचा शिरस्ता. टेप नेहमी ताणून धरायचे. कोणी हाताखाली शिकायला आलं तर पहिला धडा हाच, "ढिला टेप खोटं बोलतो." एकोणीस वर्षं एकच टेप गळ्यात होता. तो मास्तर दुसऱ्या कोणाच्या हातात देत नसत.

पोरगीही कामाची चोर नव्हती. पहाटे उठून पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवायची, मग धावायची, दुपारी गणितं. तीन वर्षं असंच. अंगावर घेतलेलं काम अर्धं सोडलेलं मास्तरांनी पाहिलं नव्हतं. आणि पुढच्या वर्षी तिचं वय मर्यादेबाहेर जाणार होतं. म्हणजे जे काय ते यंदाच.

अर्ज भरताना मापं मास्तरांनीच घेतली होती. पाठ भिंतीला टेकवून, पाय सरळ पसरून, भिंतीपासून टाचेच्या तळव्यापर्यंत. तीनदा. साडेअठ्ठ्याण्णव. कमीत कमी किती लागतं हे अर्जावर लिहिलेलं नव्हतं.

"नव्व्याण्णव लिहू का बाबा? पूर्ण आकडा बरा दिसतो," ती म्हणाली होती.

"आकडा बरा दिसायला तो काय नवरदेव आहे? साडेअठ्ठ्याण्णव आहे, तर साडेअठ्ठ्याण्णवच लिही."

तिनं लिहिलं होतं. 'मापे कोणी घेतली' या रकान्यात मास्तरांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'वडील. धंदा शिवणकाम, चौतीस वर्षे.' लिहून झाल्यावर ते अक्षर त्यांनी थोडं लांब धरून पाहिलंही होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी दार वाजवून पोरीला बाहेर बोलावलं आणि पुन्हा भिंतीशी बसवलं. तिनं पाय पसरले. तीनदा मोजलं. साडेअठ्ठ्याण्णव.

"झालं समाधान?" बायको म्हणाली. "तिचा पाय काय रात्रीतून वाढणार होता?"

पोरगी उठून पुन्हा आत गेली. ती भांडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार आला. मास्तरांच्या कापायच्या टेबलाची फळी वाकली होती, म्हणून नवी सांगितली होती. फळी खांद्यावर घेऊन तो दारातूनच ओरडला, "काय पायलट, अजून जमिनीवरच? आमच्यासाठी एक खिडकीची जागा ठेव म्हटलं!"

पोरगी चपला घालून तशीच बाहेर निघून गेली. बायकोनं डोळे वटारले. सुतारानं जीभ चावली, पत्राची हकिकत ऐकली आणि मान खाली घालून फळी सांगाड्यावर ठेवली.

फळी आखूड. एका टोकाला जवळजवळ दोन सेंटीमीटरची फट.

मास्तरांचा आदल्या दिवसापासून तुंबलेला राग तिथे फुटला. "दीडशे सांगितलं होतं ना तुला? आंधळा आहेस?"

"दीडशेच कापलीय."

"मी स्वतः मोजून दिलं होतं. तीनदा!"

"तू तीनदा मोज नाही तर तीनशेदा मोज. दीडशे म्हणालास, दीडशे कापली. हा घे माझा टेप. पोलादाचा आहे, तो कोणाच्या बापाला भीत नाही." सुतारानं खटकन पट्टी ओढून फळीवर टाकली. बरोब्बर दीडशे.

मास्तरांनी गळ्यातला टेप काढला आणि त्याच फळीवर ताणला. एकशे अठ्ठेचाळीसच्या थोडं पुढे.

सुतारानं दोन्ही टेपांची सुरुवात एका खिळ्याशी धरली आणि दोन्ही शेजारी शेजारी पसरले. पहिल्या दहा सेंटीमीटरला रेघेला रेघ लागत होती असं वाटलं. पन्नासला फरक दिसला. शंभरला मास्तरांची रेघ पोलादी टेपाच्या एकशे एकच्या पुढे दोन रेघा जाऊन बसली होती.

"ताणलाय," सुतार हळूच म्हणाला. "एकोणीस वर्षं ओढतोयस, तो तरी काय करील?"

मास्तर स्टुलावर बसले. "पण मग एवढे कपडे? एकही परत आला नाही माझ्याकडे. कोणाचा पायजमा घोट्यावर चढला नाही, की कोणाची बाही लोंबली नाही."

उत्तर बायकोनं दिलं. "कसा येईल परत? याच टेपनं अंग मोजायचं, याच टेपनं कापड. दोन्हीकडे सारखंच चुकत होतं. दुकानात कधी कळलंच नसतं."

दुकानाबाहेर मात्र या फळीआधी एकच माप गेलं होतं. पोरीचं.

ती तलावावरून परतली तेव्हा दोन्ही टेप अजून फळीवर पसरलेले होते. मास्तरांनी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. ती रेघांकडे बघत राहिली. एक बोट शंभरवर, एक बोट एकशे एकवर. चेहरा पांढराफटक.

"मी म्हणाले होते, नव्व्याण्णव लिहू का."

"ते खोटं झालं असतं."

"पण खरं निघालं असतं, बाबा!"

सुतारानं घसा खाकरला. "आता बाप-लेक भांडत बसणार, की त्या कचेरीत जाणार? उद्याचा एकच दिवस आहे ना?"

दुसऱ्या दिवशी दोघं गेली तेव्हा भरती कार्यालयात लांब बाकावर बरीच माणसं होती. भरती अधिकारी एक बाई होत्या, करड्या केसांच्या. पत्रावरची सही त्यांचीच. मास्तरांनी त्यांच्या टेबलावर दोन्ही टेप ठेवले. सुतारानं स्वतःचा टेप दिला होता, पण 'संध्याकाळपर्यंत परत आण' असं दोनदा बजावून.

"हरकत काय आहे?" बाईंनी विचारलं.

"माप चुकलंय. माझ्याकडून." हे बोलायला मास्तरांना चौतीस वर्षांचं सगळं बळ लागलं. मागच्या बाकावरचे लोक ऐकत होते.

बाईंनी अर्ज काढला. रकाना वाचला. मग मास्तरांकडे पाहिलं. "शिवणकाम, चौतीस वर्षे. आणि माप चुकलं?"

"हो."

बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. मास्तरांचे कान तापले. त्यांनी दोन्ही टेप पसरून दाखवले. बाईंनी शंभरच्या रेघा जुळवून पाहिल्या, मग पुन्हा पाहिल्या. आता त्याच चकित झाल्या होत्या.

"इथे रोज लोक मापं वाढवून लिहून येतात," त्या म्हणाल्या. "दोन-दोन, तीन-तीन सेंटीमीटर. मुलीचं माप कमी लिहिणारा बाप मी पहिल्यांदा बघतेय."

"कमी नाही लिहिलं. दिसलं तसं लिहिलं."

बाईंनी एका जवानाला हाक मारली. कोपऱ्यात भिंतीला लावलेली लाकडी बैठक होती, जमिनीवर पोलादी पट्टी ठोकलेली. पोरगी बसली. पाठ टेकवली. पाय पसरले. जवानानं टाचेला फळी लावली, वाकून बघितलं आणि मोठ्यानं आकडा सांगितला. "नव्व्याण्णव पूर्णांक सात."

पोरीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाईंनी पेन उघडलं.

"पुन्हा मोजा," मास्तर म्हणाले.

"बाबा!" पोरगी जवळजवळ किंचाळली.

"अहो, बसतंय ना मापात," जवान म्हणाला. "आता कशाला?"

"तीनदा मोजल्याशिवाय लिहू नका."

जवानानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि मान हलवली. पोरगी पुन्हा बसली. बापाकडे अशी बघत होती की नजरेनंच गिळेल. दुसऱ्यांदा नव्व्याण्णव पूर्णांक सात. तिसऱ्यांदा मास्तर स्वतः गुडघ्यावर बसले आणि रेघेला डोळा लावला. पूर्णांक सात.

बाईंनी जुन्या आकड्यावर काट मारली. 'मापे कोणी घेतली' या रकान्यातल्या ओळीवरही मारली. आपल्या अक्षरावरून आडवी गेलेली ती शाई मास्तर शेवटपर्यंत बघत राहिले.

"बरोबर," ते म्हणाले. "आता बरोबर आहे."

बाहेर पायऱ्यांवर पोरगी थांबली. हातात नवा कागद होता. "लेखी परीक्षा बावीस दिवसांनी आहे, बाबा."

मास्तरांनी जुना टेप गळ्यात घातला नाही. गुंडाळून खिशात ठेवला.

"बावीस ना? मग इथे उभी काय राहिलीस?"