हॉलच्या पडद्याचा फ्रॉक

घाटकोपरची आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही मुलुंडला भाड्याच्या घरात आलो. सामान लावताना लक्षात आलं, की जुन्या हॉलचे पडदे इथल्या एकाही खिडकीला बसत नाहीत. हळदीच्या रंगाचं जाडसर सुती कापड, त्यावर हिरवे पोपट. अकरा वर्षं वापरलेले, पण वीण अजून घट्ट होती. नवरा म्हणाला, "देऊन टाक कुणाला तरी."

"दिवाळीचा फ्रॉक निघेल यातून," मी म्हटलं.

मला शिवण येतं. नुसतं येतं असं नाही, चांगलं येतं. आई चाळीतल्या निम्म्या पोरींची परकर-पोलकी शिवायची आणि मी तिच्या मशीनपाशी बसून दोरे कापायचे. कापडावरून एकदा हात फिरवला, की त्याचं काय होईल आणि काय होणार नाही हे मला कळतं.

लेकीला मात्र ते पटलं नाही. ती तेव्हा दहा वर्षांची होती. शाळा नवी, मैत्रिणी नव्या.

"पडद्याचा फ्रॉक? आई, प्लीज! सगळे हसतील."

"आवडला नाही तर नको घालूस. मावशीने लेहंगा पाठवलाय, तो घाल. पण माप तर दे."

हात पसरून ती तोंड फुगवून उभी राहिली. मी टेप लावत होते. मध्येच म्हणाली, "लेहंग्याला खिसाच नाहीये."

"याला लावते की."

"खरा? हात आत जाईल असा?"

"दोन लावते. मनगटापर्यंत हात जाईल."

त्यावर ती माप नीट देऊ लागली.

पडदे दोनदा धुतले. वरच्या कड्या कापून काढल्या. खिडकीकडची बाजू उन्हाने उडाली होती, तेवढी पट्टी बाजूला ठेवली आणि मधलं कापड घेतलं. इतक्यात सासूबाई आल्या. मालवण सोडून त्यांना पन्नास वर्षं झाली, पण भाषा तशीच आहे. कापड चिमटीत धरून म्हणाल्या, "हो फ्रॉक चेडवाक टोचतलो मगे." आत गेल्या आणि आपली वापरून मऊ झालेली वॉयलची साडी घेऊन आल्या. "अस्तराक ह्या घे."

त्यांचं बरोबर होतं, जाड कापड पोरीला टोचलंच असतं. अस्तराचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

फ्रॉक दोन दुपारींत झाला. लेक शाळेतून आली, की दप्तर टाकून आधी मशीनपाशी यायची. दुसऱ्या दिवशी तिने पाठीचा भाग उचलला आणि ओरडली, "आई, हे पोपट उलटे आहेत!"

बघितलं तर खरंच. कापताना तो तुकडा फिरला होता आणि तेवढं न विटलेलं कापड आता उरलं नव्हतं. इतक्या वर्षांत अशी चूक मी केली नव्हती. मग म्हटलं, "पोपट उलटे लटकतातच."

ती खो खो हसली. मी तो तुकडा तसाच जोडला.

पाडव्याला सकाळी जुन्या बिल्डिंगमधले सगळे एका हॉलमध्ये फराळाला जमणार होते. लेक बराच वेळ कपाटासमोर उभी होती. शेवटी फ्रॉक घालून, दोन्ही हात खिशात घालून बाहेर आली. मी मुद्दामच दाराकडे वळले.

हॉलमध्ये शिरलो आणि समोरून आमच्या जुन्या शेजारच्या काकू आल्या. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या हॉलच्या बरोबर समोर होती. काका गेल्यावर तिथे त्या एकट्याच राहायच्या. आता बोरिवलीला मुलाकडे होत्या. लेकीला बघून जागच्या जागी थबकल्या.

"अगं, ही तर तुमची खिडकी!"

आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. लेकीचा चेहरा उतरला आणि ती माझ्या मागे सरकली. पण काकू हसत नव्हत्या. त्यांनी वाकून फ्रॉकचा घेर हातात घेतला.

"रोज सकाळी चहा घेताना मी हे पोपट बघायचे गं. पडदा सरकला, की वाटायचं, चला, समोरचे उठले. आता खिडकीतून नुसती भिंत दिसते." मग लेकीला म्हणाल्या, "फिर बघू जरा."

लेक हळूच फिरली.

"मागचे उलटे आहेत," तिने स्वतःच सांगून टाकलं. "पोपट लटकतात ना, म्हणून. आणि खिसे बघा, खरे आहेत!"

त्यानंतर ती मला दिसलीच नाही. कुणाला खिसे दाखव, कुणाला उलटे पोपट दाखव, असं चाललं होतं. निघायच्या वेळी बघितलं, तर ती काकूंच्या शेजारी बसली होती आणि दोघी एकाच ताटलीतली चकली खात होत्या. दोन्ही खिसे शंकरपाळ्यांनी भरलेले, आणि नव्या फ्रॉकवर तुपाचा हा मोठा डाग.

मी रागावले नाही. सुती कापड आहे, डाग साबणाने निघतो.

यंदा फ्रॉक गुडघ्याच्या बराच वर गेला. "याचा टॉप करून दे," लेक म्हणाली. मी कात्री तिच्याच हातात दिली. तिने खडूने रेघ मारली, दोनदा मोजलं आणि कापलं. जरा जास्तच कापलं. आता तो टॉप ती जीन्सवर घालते, हात वर केला की पोट दिसतं, आणि तशीच फॅशन आहे असं मला ऐकवते.