उभ्या ठेवायच्या रेकॉर्डी

हे लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं, कारण नायगावच्या माझ्या मित्राविषयी लिहायचं म्हणजे आधी त्याच्यावर चार हशे वसूल करायचे आणि मग स्वतःकडे यायचं. त्या दुसऱ्या भागाला माझी तयारी नव्हती. आता पंच्याहत्तरी उलटली. तर छातीठोकपणे सांगतो, की अख्ख्या गिरणगावात त्याच्याइतका निरुपद्रवी आणि त्याच्याइतका छळवादी माणूस दुसरा झाला नाही. तो कुणाच्या अध्यात नव्हता की मध्यात नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की सगळ्यांनी गप्प बसावं आणि एका विलायती बँडच्या रेकॉर्डी ऐकाव्यात. बँडचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर उच्चार चुकला हे सांगायला त्याचा फोन येईल.

हा बँड आमच्या तरुणपणीचा. चार-पाच दाढीवाले इंग्रज, आणि त्यांचं एकेक गाणं असं की रेकॉर्डची अख्खी बाजू खाऊन टाकायचं. त्यातही गाणारा बराच वेळ गायचाच नाही. आधी नुसता वारा वाहायचा, मग ऑर्गन घुमायचा, आणि आता गातील म्हणेपर्यंत पुन्हा वारा. टेलिफोन खात्यातली नोकरी सोडली, तर हा माणूस जगला तो या वाऱ्यासाठी. फोर्टच्या फुटपाथवरून एकेक करत त्यानं सगळे अल्बम जमवले होते. रविवारी सकाळी बीडीडी चाळीतल्या त्याच्या खोलीत बैठक भरायची. चपला बाहेर, हातपाय धुऊन आत. रेकॉर्डला हात फक्त तो लावणार, तोही साबणानं धुतलेला. त्यातलं एखादंच गाणं लाव म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा. "अल्बम म्हणजे ताट असतं रे," तो म्हणायचा. "नुसती कोशिंबीर खाऊन उठतोस काय?" मूळ गायक सोडून गेल्यावर बँडनं जे अल्बम काढले, त्यांचं तर नावही तो घेत नसे. परळचा एक जण एकदा त्यांची बाजू घ्यायला गेला. "आजोबांची पाटी ठेवून नातवानं चालवलेली खानावळ आहे ती. तू जेव तिथे," असं म्हणून यानं त्याला बाहेर काढलेल्या चपलांची दिशा दाखवली.

चाळीच्या सत्यनारायणाला रेकॉर्ड प्लेअर त्याच्याकडून यायचा, म्हणून एका वर्षी लाउडस्पीकरचं खातंच त्याच्याकडे दिलं. भक्तिगीतं संपल्यावर यानं गुपचूप आपल्या बँडची बाजू लावली. प्रसादाच्या रांगेतल्या बायका माना वर करून भोंग्याकडे बघायला लागल्या.

"मशीन बिघडलं काय रे? गाणं कधी लागणार?" एका आजींनी विचारलं.

"हे गाणंच आहे, आजी."

"मग गातंय कोण?"

"जरा धीर धरा. येईल."

आजी प्रसाद घेऊन घरी गेल्या, खाऊन द्रोण टाकायला परत आल्या, तरी कोणी गायला आलं नव्हतं.

एका रविवारी बैठक भर रंगात असताना पाणी आल्याची हाक झाली. चाळीत या हाकेला मेलेला माणूसही उठतो. यानं तळहात वर केला. बाजू संपेपर्यंत कोणी हलायचं नाही. बाजू संपली तेव्हा पाणीही गेलं होतं. दुसरी कुठली बाई असती तर तिनं रेकॉर्डींसकट त्याला गॅलरीतून खाली सोडलं असतं. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, तसं काही केलं नाही. त्यांनी शेजारून दोन हंडे आणले आणि पुढच्या आठवड्यापासून रविवारचं पाणी शनिवारीच भरून ठेवायला लागल्या.

वहिनी मालवणकडच्या. बैठकीत त्या एका कोपऱ्यात तांदूळ निवडत बसायच्या. कोकणात देवाला हाक घालून लांबलचक गाऱ्हाणं घालतात, त्यावरून मला एकदा म्हणाल्या, "भावजी, ह्या गाणा नाय, गाऱ्हाणा आसा. देव येईपर्यंत थांबाचा नाय." पण थट्टा करता करता त्या बाईला प्रत्येक बाजू पाठ झाली होती. शेवटचा ऑर्गन सुरू झाला की त्या सूप खाली ठेवून उठायच्या, आणि सुई वर उचलली जाई तेव्हा चहाला उकळी फुटलेली असायची. प्रत्येक रेकॉर्डला त्यांनी मांजरपाटाची खोळ शिवली होती. खोळीच्या कोपऱ्यावर एकेक रंगाचा टाका, कुठला अल्बम ते अंधारातही ओळखू यावं म्हणून. तो बँडवर तासन्‌तास बोलायचा. त्या खोळींवर मात्र तो एक वाक्य बोलल्याचं मला आठवत नाही.

मग चाळ पाडायची ठरली. नवीन टॉवर होईपर्यंत त्यांना ट्रान्झिटच्या खोलीत जायचं होतं आणि तिथे भिंतींना ओल. माझा फ्लॅट दादरला, कोरडा. तो रेकॉर्डींचे गठ्ठे घेऊन स्वतः आला. "उभ्या ठेव हां. पुस्तकांसारख्या. आडव्या नकोत, ऊन नको," असं जिन्यातून वर येताना एकदा आणि उतरताना एकदा सांगून गेला. मला हे माहीत नव्हतं असं नाही. मी त्या बैठकांत उगाच म्हातारा झालो नव्हतो. काही महिने ठेवल्याही उभ्या, कपाटात. मग घरात सूनबाई आली, कपाट तिला द्यावं लागलं. मी गठ्ठे माळ्यावर आडवे रचले आणि वर पितळी भांड्यांची ट्रंक ठेवली. आमचा मजला शेवटचा, वर गच्ची. मे महिन्यात त्या माळ्यावर हात घातला तर भाजायचं.

गणपतीत वहिनी आमच्याकडे आल्या होत्या. समया काढायला मी स्टुलावर चढलो, स्टूल त्यांनी धरलं होतं. ट्रंकेखाली त्यांना आपल्या खोळी दिसल्या.

"भावजी, ह्यो उभ्यो ठेवूच्यो ना? ह्येंनी सांगलेला."

"करतो, उद्याच करतो," मी म्हणालो. तो उद्या उजाडलाच नाही.

टॉवरमधलं घर ताब्यात आल्यावर तो न्यायला आला. पहिली रेकॉर्ड त्यानं खोळीतून काढली, डोळ्यांसमोर आडवी धरली आणि सुतार फळी बघतो तसा एक डोळा मिटून बघितलं. वाटी झाली होती तिची. दुसरी काढली, तिसरी काढली. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि मी, ज्याला तो भाऊ मानायचा, अगदी काळजीच्या सुरात विचारलं, "आवराआवरीत वहिनींनी गॅलरीत ठेवल्या होत्या का रे? माझ्याकडे आल्या तेव्हाच मला जरा शंका आली होती."

तो बराच वेळ आठवत राहिला. "ठेवल्या होत्या," तो म्हणाला. "दुपारभर."

पुढे काही दिवस फोन वाजला की मी सूनबाईला उचलायला लावायचो. वहिनींनी एक वाक्य उच्चारलं असतं तर मी संपलो असतो. पण फोन आला नाही. तो घरी जाऊन ओरडलाही नाही म्हणे. नुसतं, "तू उन्हात ठेवल्यास," एवढं म्हणाला. त्यानंतर नव्या घरात रेकॉर्ड प्लेअर लागला नाही. मुलानं त्याला फोनवर सगळे अल्बम काढून दिले, कानाला हेडफोन आणून दिले. मी जायचो तेव्हा तो खिडकीशी डोळे मिटून बसलेला असे आणि समोर वहिनी. ज्या बाईच्या कानावर ते गाऱ्हाणं जन्मभर पडलं, तिला आता घरात काहीच ऐकू येत नव्हतं. बाजू कधी संपली तेही तिला कळत नव्हतं.

त्याची माफी मी इथे मागतो आहे. तो हे वाचेल. वाचून त्यानं मला दाराबाहेर उभं केलं तर मी उभा राहीन. वहिनी मात्र हे वाचायला आता नाहीत.

त्या आजारी पडल्या तेव्हा परळच्या हॉस्पिटलात मी दुपारी बसायला जात असे, तो जेवायला घरी गेला की. एकदा त्या छताकडे बघत म्हणाल्या, "मी ह्येंका सांगूक नाय. तुम्हीच सांगशात म्हणून वाट बघलंय."

आवाजात राग नव्हता. निरोप द्यावा तसं त्यांनी ते सांगितलं आणि मान वळवून माझ्याकडे बघत राहिल्या. मी खुर्ची पुढे ओढली. 'वहिनी, चुकलं माझं,' एवढंच म्हणायचं होतं. ओठ उघडलेसुद्धा. तेवढ्यात पडदा सरकवून तो आत आला, आणि मी पटकन उठून त्याला म्हणालो, "ये, ये. आज वहिनी बऱ्याच बऱ्या दिसतायत."