चौगुलेचा उपवास आणि सात वाजताची गोळी

हवालदार बाहुबली चौगुले कोयनानगर कॅम्पच्या रूट मार्चमध्ये, सातव्या किलोमीटरला, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी कोसळला. पाऊस थांबलेला होता, धुकं होतं. त्याच्या मागे बासष्ट कॅडेट होते. माझी जागा कॉलमच्या, म्हणजे रांगेच्या, शेवटी होती.

तेव्हा मी सांगलीच्या कॅडेट बटालियनमध्ये सुभेदार होतो. कॉलेजच्या मुलामुलींना ड्रिल, नकाशा आणि रायफल शिकवण्यासाठी फौज आपली माणसं काही वर्षांकरता अशा बटालियनमध्ये पाठवते. माझं गाव खंडाळ्याजवळ, चौगुलेचं मिरज तालुक्यात. सीमेवरच्या पोस्टिंगनंतर दोघांनाही ही जागा घराजवळची होती. त्याची वीस वर्षं सर्व्हिस झाली होती. नायब सुभेदारच्या प्रमोशनची यादी लागायची होती आणि त्यात त्याचं नाव वर होतं. त्याआधी मेडिकल व्हायचं होतं.

चौगुले जैन शेतकऱ्याच्या घरातला, कंदमूळ न खाणारा. लंगरमध्ये भाजीत बटाटा आला की तो एकेक फोड वेचून माझ्या ताटात ठेवायचा.

"साहेब, बटाट्याची बदली तुमच्याकडं."

"आरं, माझं पोट बघ."

"ते सरकारी हाय, साहेब. सरकार बघंल."

सूर्य मावळल्यावर तो जेवत नसे. बटालियनचं रात्रीचं जेवण साडेसातला. तो पावणेसहाला लंगरच्या मागच्या दाराने चपात्या घेऊन यायचा आणि स्टोअरच्या पायरीवर बसून खायचा. कूक त्याला ओरडायचा, पण पहिल्या चपात्या त्याच्याच नावाच्या असायच्या. घरून तो कृष्णाकाठची वांगी आणायचा, ती कूकला द्यायचा. हिशेब असा होता.

आता आजारपणाची पद्धत सांगतो. फौजेत बरं वाटत नसेल तर जवान सिक रिपोर्टला जातो. रजिस्टरमध्ये नाव लिहिलं जातं, डॉक्टर तपासतात, औषध देतात, गरज वाटली तर पीटी-परेड माफ करतात. जाताना स्मॉल किट बरोबर न्यायचं असतं. टॉवेल, मग, एक जोडी कपडे, दाढीचं सामान. ॲडमिट केलं तर परत यायला नको म्हणून. ही पिशवी खांद्यावर टाकून माणूस ग्राउंड ओलांडतो तेव्हा सगळी बटालियन बघते. कोणीतरी विचारतंच, "काय, माहेराला निघाला व्हय?" या एका पिशवीपायी ताप अंगावर काढणारी माणसं मी सर्व्हिसभर पाहिली. मीही काढला आहे.

कॅम्पच्या आठ महिने आधी चौगुले माझ्या खोलीत आला. दार लावून घेतलं.

"साहेब, साखर निघालीया."

"कुणी सांगितलं?"

"मिरजेत दाखवलं, खासगीत. गोळी चालू केलीया. सकाळी सातला एक."

"सिक रिपोर्टला जा उद्या."

"गेलो की कॅटेगरी लागंल. कॅटेगरी लागली की यादीतनं नाव गेलं. बा म्हातारा झालाय, साहेब. त्याला एकदा खांद्यावरचा ष्टार दावायचा हाय."

मेडिकल कॅटेगरी म्हणजे प्रकृतीची श्रेणी. ती खाली आली की माणूस नोकरीत राहतो, पण काही कामं आणि काही बढत्या त्याला मिळत नाहीत. मी त्याला दुसऱ्यांदा जा म्हणालो नाही. पुढच्या आठ महिन्यांत तो पाच वेळा डॉक्टरकडे मिरजेला गेला. पाचही वेळा त्याच्या किरकोळ रजेच्या अर्जावर मी 'शेतीकाम' हे कारण लिहिलं आणि खाली शिफारशीची सही केली. साखर आटोक्यात होती. तो पीटीला पहिल्या रांगेत धावत होता.

कॅम्प भाद्रपदात आला. दहा दिवसांचा. सहाव्या दिवशी बारा किलोमीटरचा रूट मार्च होता. साडेआठला कॉलम निघाला. चौगुले पुढे, मी मागे. वॉकी-टॉकी माझ्याकडे एक आणि कॅम्पवर एक. कॅम्पवरचा संच ऑफिसच्या तंबूत टेबलावर होता आणि त्या टेबलाशी बटालियनचे प्रमुख कर्नल साहेब बसत.

दहा वाजून बारा मिनिटांनी मी विश्रांतीसाठी कॉलम थांबवला. रस्ता घाटाचा. डाव्या हाताला कमरेपेक्षा ठेंगणा कठडा, त्याच्या पलीकडे दरी. दहा सोळाला पुढून चौगुलेचा आवाज आला, "बाएँ मुड़!"

पहिल्या तीन रांगा डावीकडे वळल्या. कॅडेटांना हुकूम पाळायला त्यानेच शिकवलं होतं.

"तेज चल!"

मी "थम" ओरडलो. एक मुलगी कठड्याला गुडघे टेकून उभी राहिली. मी कॉलम उजवीकडे वळवला, रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला बसवला आणि पुढे पळालो.

"चौगुले, काय चाललंय?"

"माझा कॉलम हाय."

"पुढं दरी हाय, दिसत न्हाई?"

"माझा कॉलम हाय, साहेब. तुमी मागं जावा."

बरोबर काढलेल्या वीस महिन्यांत तो माझ्याशी असं बोलला नव्हता. आधी मला राग आला. मी त्याला रागावलोही. मग त्याची कॉलर पाहिली. हवा गार होती आणि कॉलर घामाने भिजलेली होती. हात थरथरत होते. तो एक पाऊल मागे गेला आणि खाली बसला, बसल्या जागी आडवा झाला.

दहा तेवीसला मी वॉकी-टॉकीवरून कॅम्पला पुकारलं.

"अल्फा, मैं ब्राव्हो. एक जवान गिर गया है. नर्सिंग असिस्टंट को दो. ओव्हर."

नर्सिंग असिस्टंट लगेच आला. त्याने घाम, श्वास, शुद्ध, तिन्ही विचारलं. मग विचारलं, "डायबेटिक है क्या? ओव्हर."

त्या टेबलाशी कोण बसलंय ते मला माहीत होतं. मी बटण दाबलं नाही. किती वेळ, ते सांगता येणार नाही. संच पुन्हा बोलला, "ब्राव्हो, डायबेटिक है क्या? ओव्हर."

"है. सुबह सात बजे गोली लेता है. ओव्हर."

"नाश्ता किया? ओव्हर."

ते मला माहीत नव्हतं. चौगुलेच्या ओठांपाशी कान नेला. तो म्हणत होता, "उपास हाय."

दिगंबर जैनांच्या दशलक्षण पर्वाचे, उपवासांचे दिवस चालू होते. त्या दिवशी त्याने उपवास धरला होता आणि सातची गोळीही वेळेवर घेतली होती. उपवास घरचा होता, गोळी डॉक्टरची होती. दोन्ही मोडायचं नाही, एवढंच त्याने धरलं. पोटात अन्न नसताना ती गोळी साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरवते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. उपवासाचं त्याने डॉक्टरला विचारलं नव्हतं आणि आजाराचं बटालियनमध्ये माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

"ब्राव्हो, पानी मत पिलाना. करवट पर लिटाओ. चीनी या गुड़, गाल के अंदर रगड़ो. गाड़ी निकल रही है. ओव्हर."

कॅडेटांच्या शिदोरीत गूळ-चणे होते. मी गूळ बोटाने कुस्करला. त्याने दात आवळले.

"उपास हाय, साहेब."

"तोंड उघड."

"न्हाई."

"हवालदार चौगुले, तोंड उघड. ऑर्डर हाय."

त्याने तोंड उघडलं.

गाडी दहा छत्तीसला पोचली. नर्सिंग असिस्टंटने बोटाला सुई टोचून साखर पाहिली. अडतीस; सत्तरच्या खाली धोका असतो. शिरेतून ग्लुकोज दिलं. दहा पन्नासला चौगुलेने डोळे उघडले आणि विचारलं, "कॉलम कुठं हाय?"

"बसलाय. सगळी हायती."

"मी काय केलं, साहेब?"

मी सांगितलं नाही. संध्याकाळी त्याला दुसऱ्याकडून कळलं.

दुपारी त्याच्या घरी फोन केला. बायकोने, सुनंदाताईंनी उचलला.

"आवं भाऊजी, मी काल फोनवर म्हटलं, औंदा उपास नका धरू. तर मला म्हणत्यात, फौजेत उपाशी चालायची सवय हाय. आता शुद्धीवर हायती न्हवं?"

"हायती."

"मग द्या फोन. मी बगते त्यांच्याकडं."

फोन दिला. चौगुले चार मिनिटं फक्त "व्हय" म्हणत होता.

पाच वाजता कर्नल साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर सांगलीच्या ऑफिसातून मागवलेले चौगुलेच्या रजेचे पाचही अर्ज होते.

"शेतीकाम किसने लिखा?"

"मैंने, सर."

"मुझे पता होता तो वह आज स्टोअर में बैठा होता. उपवास के साथ."

"जी, सर."

घटनेचा रिपोर्ट मी लिहिला. आठ महिन्यांचं सगळं त्यात लिहिलं. मला लेखी ताकीद मिळाली. ती माझ्या कागदात आहे.

सांगलीला परतल्यावर चौगुले सिक रिपोर्टला गेला. स्मॉल किट मी उचललं. ग्राउंडवरून दोघं चाललो तेव्हा कूकने लंगरच्या दारातून विचारलं, "दोघं बी माहेराला?"

"हे सासरे हायती. पोचवायला आल्यात," चौगुले म्हणाला. कोयनेनंतर तो पहिल्यांदा थट्टेने बोलला तो तेव्हा.

मिलिटरी हॉस्पिटलच्या बोर्डाने त्याला खालची कॅटेगरी दिली. प्रमोशनच्या यादीतून नाव गेलं. त्याच्यापेक्षा ज्युनियर असलेला हवालदार नायब सुभेदार झाला. चौगुलेने त्याला पहिला सॅल्यूट केला आणि त्याच्या स्टारवर बोट ठेवून म्हणाला, "जरा तिरका हाय बघा, साहेब." मग स्वतः सरळ केला. वडिलांना त्याने काय सांगितलं, ते मला माहीत नाही.

त्याला ट्रेनिंग स्टोअर दिलं. रूट मार्च आणि रात्रीची ड्यूटी बंद झाली. डॉक्टरांनी त्याच्याकडून वर्षभराच्या उपवासांची यादी लिहून घेतली आणि कोणत्या दिवशी गोळी घ्यायची नाही, ते तारखेपुढे लिहून दिलं. एक प्रत स्टोअरमध्ये, एक माझ्याकडे. पावणेसहाच्या जेवणाचा लेखी हुकूम निघाला. दर तीन महिन्यांनी तपासणी. त्या दिवशी तो रजिस्टरमध्ये नाव लिहून उघडपणे जायचा. त्या वर्षी आणखी दोघं आपली पिशवी घेऊन सिक रिपोर्टला गेले. एकाचं ब्लडप्रेशर होतं, ते तो तीन वर्षं लपवत होता. दुसऱ्याचा गुडघा होता.

कोयनेनंतर चौगुलेने चार वर्षं नोकरी केली. त्यात आजारपणामुळे तो नऊ दिवस गैरहजर होता. चोवीस वर्षं पूर्ण करून तो हवालदार म्हणून निवृत्त झाला. निरोपाच्या जेवणाला भाजी बटाट्याची होती. त्याने सगळ्या फोडी माझ्या ताटात टाकल्या. मी खाल्ल्या.

गेल्या माघात एका सकाळी सव्वासातला सुनंदाताईंचा फोन आला. पहाटे त्याला हृदयविकाराचा झटका आला होता, मिरजेला नेताना तो वाटेत गेला. मी साडेअकराला त्याच्या गावी पोचलो. बटालियनमधले सहा जण आले होते. कूकही होता.

पुढच्या महिन्यात सांगलीत माजी सैनिकांचा मेळावा झाला. त्या वर्षी वारलेल्यांची नावं उभं राहून ऐकली. अकरा नावं होती. चौथं हवालदार बाहुबली चौगुले. दोन मिनिटं शांतता पाळण्यात आली. दहा पंचेचाळीसला सगळे खाली बसले.