शुक्रवारचं नवं गाणं

दर शुक्रवारी परदेशातली नवी रॅप गाणी येतात. आज त्यातलंच एक लावून मी आईसमोर मटार सोलायला बसले. तिने माझ्या एका कानातला इयरफोन काढून स्वतःच्या कानात घातला. थोड्याच वेळात तिच्या हातातले दाणे ठेक्यावर ताटात पडू लागले.

"काय म्हणतोय गं हा?"

"काही नाही. असंच."

"एवढा वेळ बडबडतोय आणि काहीच नाही?" ती हसली.

तो त्याच्या आईशी बोलत होता. तू माझ्यासाठी राबलीस आणि मित्रांसमोर तुझी ओळख करून द्यायला मी लाजलो, असं साऱ्या जगाला सांगत होता. घरात इंग्रजी कळणारी मी एकटीच, म्हणून माझं खोटं खपून गेलं. मी खरं सांगितलं असतं, तर ती ओळ त्याची राहिली नसती. माझी झाली असती.

गाणं संपलं. "चांगलंय की," आई म्हणाली.

मी तेच पुन्हा लावलं. या वेळी दोन्ही इयरफोन तिच्या कानात घातले, माझं बोलणं तिला ऐकू जाणार नाही इतका आवाज वाढवला, आणि मान खाली घालून आठवेल तशी एकेक ओळ तिला मराठीत सांगत गेले. ती ठेक्यावर मटार सोलत राहिली.