हार न घालता या

परवा मनमाडहून नाशिकला पॅसेंजरने येत होते. आमच्या गावच्या हॉल्टवर गाडी थांबली, चढलं कुणीच नाही... आणि समोर बसलेले एक काका वैतागून म्हणाले, "इथं कशाला थांबते ही? ना धड स्टेशन, ना माणूस."

मला एवढं हसू आलं! उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर काकांना डुलकी लागली. ते सांगायचं राहिलं, म्हणून इथं लिहितेय.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा. गावात शाळा सातवीपर्यंत, पुढचं हायस्कूल मनमाडला. रूळ गावाला खेटून जायचे, पण गाडी थांबायची ती दोन कोसांवरच्या स्टेशनात.

त्या दोन कोसांत काळी चिकट माती, बाभळीचे काटे आणि मधे बिनपुलाचा नाला. आठवीला आम्ही पाच जणी जायला लागलो, गणपतीपर्यंत उरलो दोघी. वडिलांनी मलाही सांगून टाकलं होतं, हे वर्ष कसंबसं काढ, पुढच्या जूनमध्ये दाखला काढायचा. मी रोज रात्री उशीत तोंड खुपसून रडायचे.

अशात निरोप आला की खासदार गाऱ्हाणी ऐकायला गावात येताहेत. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. माणूस शेतकरीच, धोतर-टोपीतला, दिल्लीला जाऊनही बोलण्यात काडीचा फरक न पडलेला.

आता गाऱ्हाणं काय, तर रस्ता वाईट आणि गाडी थांबत नाही. पण खासदार येणार म्हटल्यावर आमच्या शहाण्या गावानं काय करावं? दोन दिवस राबून रस्त्यावर मुरूम टाकला, काटे तोडले, नाल्यात दगड रचले. स्टेशनवरून तात्यांना झूल घातलेल्या बैलांच्या गाडीतून वाजतगाजत आणलं... पाहुणा आहे, त्याचे पाय मळायला नकोत ना!

चावडीपुढं बसून तात्या गळ्यातले हार काढता काढता म्हणाले, "रस्ता तर बरा हाय की रे तुमचा. झोप लागत होती मला गाडीत." सरपंचांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. रस्ता गुळगुळीत करणारे तेच!

माझी आई कांदा निवडायच्या कामावरून तशीच आली होती आणि बौद्धवस्तीतल्या बायांबरोबर सगळ्यांत मागं उभी होती. चावडीपुढं आमच्या बाया कधी बोलत नसत. आई बोलली.

"तात्या, बैलगाडीत बसून आले, म्हणून झोप लागली. आमच्या पोरी पायी जातात. दोन दिस पाऊस पडू द्या, मुरूम वाहून जाईल... मग एक दिस सकाळी या. हार न घालता या, अन् पोरींसंग चालून बघा."

वडील मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, संपलं... आता दाखला जूनमध्ये नाही, उद्याच निघणार.

तात्या तिच्याकडे बघून म्हणाले, "येतो."

आणि खरंच आले हो! चांगला पाऊस झाल्यावर, उजाडायच्या आत, एकटे. आमच्या दोघींबरोबर चिखल तुडवत निघाले. नाल्यात धोतर कमरेपर्यंत भिजलं, एक चप्पल मातीनं गिळली ती गिळलीच, आणि पायात काटा मोडला.

त्यांच्या लंगडण्यापायी आम्हालाही उशीर झाला. स्टेशन दिसायला लागलं आणि डोळ्यांदेखत गाडी सुटली. "आता?" तात्यांनी विचारलं. आता काय, घरी परत... गाडी चुकली की शाळा चुकली, हे आम्हाला पाठ होतं. ते दगडावर बसून काटा काढत राहिले.

पुढं रेल्वे बजेटच्या वेळी ते लोकसभेत बोलले. गावाला कळलं ते नंतर, भाषणाची छापील प्रत पोस्टानं आली तेव्हा. गुरुजींनी ती चावडीपुढं मला वाचायला लावली.

सगळं भाषण हिंदीत होतं. त्यात तो नाला होता, सुटलेली गाडी होती, शाळा सोडलेल्या तीन मुली होत्या. आणि शेवटी लिहिलं होतं, की माझ्या मतदारसंघातल्या एका शेतमजूर बाईनं मला जे सांगितलं तेच मी मंत्रिमहोदयांना सांगतो... एक दिवस सकाळी या, हार न घालता या, आणि आमच्या मुलींसोबत चालून बघा.

मी वाचता वाचता तिथंच थांबले. मागून आईनं हळूच विचारलं, "ती बाई म्हणजे मीच का गं?"

मी म्हटलं, "हो आई, तूच." तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "परत वाच." त्या दिवशी मी ते तीनदा वाचलं.

मंत्र्यांचं उत्तर नेहमीचंच होतं, विचार करू म्हणून. हॉल्ट व्हायला पुढं दीड वर्ष गेलं, मी दहावीत होते तेव्हा. पण माझं काम भाषण वाचलं त्याच संध्याकाळी झालं. वडील जेवता जेवता म्हणाले, "पोरीचं गाऱ्हाणं दिल्लीत छापून आलं. आता तिला घरी बसवली तर तोंड कुठं दाखवू?" जूनमध्ये दाखला निघाला नाही. मी शिकले, नर्स झाले, आता रिटायरही झाले.

तात्या गेले, आईही गेली. गाडी अजून थांबते, दोनच मिनिटं... तर काका, ही गाडी इथं कशाला थांबते विचारत होता ना? ही माझ्या आईनं थांबवलीय.